झाड आधी की तार?

सकाळी ६

गुरुवार आहे, म्हणजे दहाच्या सुमाराला लाइट जाणार. टाकी भरून घ्यायची, फोन चार्जिंगला लावायचा आणि रात्री वाचायचे राहिलेले मेसेज चहाबरोबर उरकायचे. मे महिन्यात माझ्या फोनवर लग्नपत्रिकांपेक्षा झाडांचे फोटो जास्त येतात. तारांना लागणाऱ्या फांद्या पावसाआधी काढायचा हंगाम हाच, आणि दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी लागते तीही नेमकी आत्ताच. तोडणारे कामावर आणि मनाई हुकूम देणारे सुट्टीवर. सुट्टीतही तातडीच्या कामाला न्यायाधीश असतात, नाही असं नाही. पण वेल्ह्याच्या डोंगरात कुऱ्हाड चालू असताना ते काम लावून घेईपर्यंत झाडाचं सरपण झालेलं असतं.

एरवी भोरच्या कोर्टात वाटणीचे दावे आणि चेकच्या केसेस चालवणारी मी या महिन्यात तहसील आणि प्रांत कचेरीची वकील असते. तारेखालच्या झाडाचं भांडण पुष्कळदा तिथलंच असतं. लोकांच्या मनात मात्र ‘केस टाका’ म्हणजे कोर्टातच.

आजचा फोटो वेल्ह्याकडचा. रायवळ आंबा, एका अंगाने पार भादरलेला. खाली आवाजी निरोप: “ताई, आमचा आंबा कापला. उरल्याला आज हात घालनार म्हनत्यात. पोलिसात जाऊ का वनखात्यात?” मी उलट कळवलं: बुंध्याला हात लावू देऊ नका, पडलेलं लाकूड हलवू नका, भांडू नका, निघालेच.

सकाळी ७:१५

भोर सोडलं की कापूरहोळ, तिथून महामार्गाने थोडं पुण्याच्या दिशेने आणि चेलाडी फाट्याला डावीकडे नसरापूर. पुढे मार्गासनी. डाव्या हाताला राजगड दिसायला लागतो, समोर तोरणा. कागदोपत्री तालुकाही आता राजगड झाला आहे, पण एसटीत ‘एक वेल्हे’ असंच तिकीट मागतात. रस्त्यात तीन ठिकाणी फांद्यांचे ढीग. त्यातला एक उंबराचा, तोही तारेपासून चांगला लांब. का कापला असेल ते कापणाऱ्यालाच ठाऊक.

सकाळी ८:३०

आंबा बांधावर उभा आहे. चार फांद्या गेल्यात, त्यातल्या दोन माझ्या मांडीपेक्षा जाड. कापाच्या तोंडाशी चीक अजून ओला, खाली कैऱ्यांचा सडा, शेळ्या पोटभर खातायत. म्हातारे गृहस्थ धोतराचा सोगा हातात धरून उभे. त्यांचा पुतण्या, ज्याने मेसेज केला तो, ठेकेदाराच्या पोरांशी हमरीतुमरीवर आलेला. वायरमन बिचारा मध्ये.

वायरमनशी आधी बोलायचं, ही माझी रीत. तो म्हणाला, “मॅडम, गेल्या जुलैत याच फांदीनं लाइन धरली व्हती. रातभर बॅटरी घेऊन खांबन् खांब बघत फिरलो. सकाळी सापडला फॉल्ट.” ते खोटं नाही. वेल्ह्याचा पाऊस ज्याने पाहिलाय त्याला वायरमनचा राग येऊ शकत नाही. वादळात फांदी तारेवर आली की अख्खं खोरं अंधारात, आणि शिव्या खायला हा एकटा. फांदी काढायला माझा विरोध नाही. कुणी, कुणाच्या हुकमाने आणि कुणाच्या पैशाने, एवढंच मला विचारायचं असतं.

“कागद काय आहे?”

त्याच्याकडे कामाचा आदेश होता, वीज कंपनीचा कंपनीलाच.

“तहसीलदारांकडे अर्ज केला होता?”

तो माझ्याकडे नुसतं बघत राहिला. त्याची चूक नाही, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

विद्युत कायदा २००३, कलम ६८. तारेजवळचं झाड पुरवठ्याला अडथळा करत असेल किंवा करण्याची शक्यता असेल, तर कंपनीने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. झाड काढायचं, छाटायचं की ठेवायचं हे तो ठरवणार. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्याकडे तहसीलदार, वर प्रांत. आणि त्याच कलमात पुढे आहे की झाड जर तार ओढण्याच्या आधीपासूनचं असेल, तर अर्ज निकाली काढताना त्याने भरपाईही ठरवून द्यायची आणि ती कंपनीकडून वसूल करता येते. झुडूप, कुंपण, रान माजलेलं, सगळं या कलमात ‘झाड’च.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी तोच. झाड आधी की तार?

“झाड माज्या आज्यानं लावल्यालं,” म्हातारे म्हणाले. “आन् ही लाइन तर परवाची.”

परवाची म्हणजे निसर्ग वादळानंतरची. ३ जून २०२० ला वादळ या डोंगरांवरून गेलं तेव्हा खांब आडवे झाले होते. आधीची लाइन वाटेच्या पलीकडून होती. नवे खांब उभे करताना ते अलीकडे आले, बांधाला लागून. पुतण्याने मला जुन्या खांबाचा बुडखा दाखवला, जमिनीतून हातभर वर आलेला, गंजून लाल झालेला. मी त्याचा फोटो घेतला, मग त्याच्या शेजारी उभं राहून आंब्याचा फोटो घेतला, दोन्ही एका चौकटीत येतील असा. माझ्या दृष्टीने आजच्या दिवसातला सर्वात मोलाचा कागद तो बुडखा. कंपनी म्हणेल लाइन जुनीच आहे, फक्त दुरुस्ती केली. बुडखा म्हणेल जागा बदलली.

पुढचा तासभर मोजमापात गेला. बुंध्याचा घेर छातीइतक्या उंचीवर, सुतळीने. कापलेल्या प्रत्येक फांदीचा घेर आणि लांबी. झाडापासून दोन्ही खांबांचं अंतर पावलांनी, मग टेपने. सातबारा उघडला. जुन्या उताऱ्यावर झाडाचा पत्ता नाही, तो बहुतेकांच्या उताऱ्यावर नसतो. पण पुतण्या हुशार निघाला, ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये त्याने दोन वर्षांपूर्वी ‘बांधावरची झाडे’ भरताना आंबा नोंदवला होता. लोक भात भरतात आणि बांधावरचा रकाना सोडून देतात. तो रकाना भरा म्हणून मी गावोगाव सांगत असते.

मग निघाली खरी अडचण. आंबा सामाईक आहे. तीन चुलत घरं, एकेक वर्ष पाळीने उतरवतात. यंदाची पाळी दुसऱ्याच घराची, आणि तो माणूस हडपसरला कंपनीत. म्हातारे म्हणाले, “पैसं आलं तर तिघांचं, पन अर्ज माज्या एकट्याचा चालंल ना?” चालेल. कायद्यात जमिनीच्या मालकाला भरपाई असं म्हटलेलंच नाही, झाडात ज्याचा हितसंबंध आहे त्याला असं आहे. पण एकट्याने अर्ज करून तिघांचे पैसे आले की पुढची केस माझ्याकडे वाटणीची येते. त्यापेक्षा तिघांची नावं आत्ताच घाला, म्हटलं. म्हाताऱ्यांनी होय-नाही काही केलं नाही.

वनखात्याचंही बोलून घेतलं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत सोळा जाती आहेत, हिरडा, साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस, त्यात आंबाही. तो अख्खा तोडायचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि झाड आपलं असलं तरी लागते. पण तो कायदा तोडीवर नजर ठेवणारा आहे, त्यातून म्हाताऱ्यांना रुपया मिळणार नाही. वनपालांकडे लाकडाचं मूल्यांकन मात्र मिळतं. फळाचं तालुका कृषी अधिकाऱ्याकडून.

वायरमनने ठेकेदाराला फोन लावून आजचं काम थांबवलं. उरलेल्या फांद्यांपैकी एक खरोखरच तारेला टेकत होती. ती काढा, म्हटलं, आमची हरकत नाही, आणि तसं लिहून त्याला सही करून दिली. पुतण्या माझ्यावर नाराज झाला. होऊ दे. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय आणि त्या खालच्या वाटेने शाळेची पोरं जातात.

सकाळी ११

वेल्ह्याची तहसील कचेरी. लाइट नाही, पंखे बंद, अर्ज हाताने लिहायचा. अर्जावर कलमाचा आकडा मी ठळक अक्षरात, अगदी वर घालते. ‘झाडाबाबत तक्रार’ असा विषय लिहिला की कागद टेबलांवरून फिरत राहतो. ‘विद्युत अधिनियम २००३, कलम ६८(५) व ६८(६)’ लिहिलं की तो दंडाधिकाऱ्याच्या टेबलावर जातो.

पण या कलमात एक गोम आहे. सगळी गाडी सुरू होते कंपनीच्या अर्जाने. कंपनीने अर्जच न करता कुऱ्हाड चालवली तर दंडाधिकाऱ्यापुढे निकाली काढायला आहे काय? म्हणून मी अर्जात दोनच गोष्टी मागते. एक, मंडळ अधिकारी आणि तलाठी भाऊसाहेबांना पाठवून पंचनामा करावा, लाकूड जागेवर असतानाच. दोन, कंपनीला कलमाप्रमाणे रीतसर अर्ज करायला कळवावं आणि तोवर पुढची तोड थांबवावी. आवक क्रमांक घेतला, पोच घेतली, पोचेचा फोटो काढून पुतण्याला पाठवला. तो कागद जपून ठेव, म्हटलं. पोच हरवली की अर्ज केलाच नव्हता असं होतं.

दुपारी १:३०

चेलाडी फाट्यावर जेवण. आमटी-भात. भात इंद्रायणीचा, चांगला होता. फोनवर दोन जण: एकाला झाडाखालच्या गाडीचा विमा हवा होता, दुसरीला शेजाऱ्याची फांदी तिच्या पत्र्यावर येते ते. दोन्ही माझं आजचं काम नव्हे.

दुपारी ३

भोर. ऑफिसात टॉवरलाइनवाले वाट बघत बसलेले. दोन भाऊ, भोर तालुक्याच्या पश्चिमेचे, एक भाटघरच्या पाण्याकाठी राहतो. त्यांच्या रानावरून उच्चदाबाची वाहिनी गेली, आंबे, जांभळं आणि सागाची ओळ गेली. झाडांचा चेक मिळाला आणि तो फार कमी आहे. मोठ्या भावाने पिशवीतून कागद काढले: तहसीलदारांना अर्ज, प्रांतांना अर्ज, कलेक्टरांना अर्ज, आमदारांना अर्ज, आपले सरकारवर तक्रार. सगळीकडची पोच व्यवस्थित लावलेली. माणूस इतका नेटका आणि इतका चुकीच्या दारांत उभा, की मला वाईट वाटलं.

सकाळच्या आंब्यापेक्षा हे भांडणच वेगळं आहे. टॉवरच्या मोठ्या वाहिन्या ज्या कंपन्या टाकतात त्यांना सरकार विद्युत कायद्याच्या कलम १६४ खाली १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देतं. इंग्रजांनी तारायंत्राचे खांब रोवायला केलेला कायदा, त्यावर आज लाखो व्होल्ट धावतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा मोडीत काढायची तरतूद केली तेव्हासुद्धा वीजवाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवला. तर त्या भागाप्रमाणे कंपनीला मालकाची आधी संमती लागत नाही. जमीन तिची होत नाही, फक्त वापराचा हक्क. नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पुरी भरपाई द्यायची, हे कलम १० मध्ये.

“आम्ही आडवे पडलो असतो तर?” धाकट्याने विचारलं.

तर कंपनी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे पुण्याच्या कलेक्टरांकडे गेली असती आणि त्यांनी कलम १६ खाली काम करू देण्याचा आदेश दिला असता. त्यानंतर अडवणं हा गुन्हा. कलेक्टर इथे एवढ्यापुरते: करू द्यायचं की नाही, कोणत्या अटीवर. पैसा पुरेसा आहे का, हा प्रश्न कलेक्टरांचा नाही, प्रांतांचा नाही, आमदारांचा तर नाहीच. तो जिल्हा न्यायाधीशांचा. कलम १६, पोटकलम ३. भावाभावांत वाटून कसा घ्यायचा हा वाद असेल तर पोटकलम ४, तोही तिथेच. पुण्यात, शिवाजीनगरला. आणि तो निकाल अंतिम, त्यावर अपील नाही. उच्च न्यायालयात रिट घेऊन जाता येतं, पण ते दार अरुंद.

मोठ्याने विचारलं, “मग हे सगळं अर्ज?”

फाइलमध्ये राहू द्या, म्हटलं, तुम्ही गप्प बसला नव्हता एवढं त्यातून दिसतं. मुदत मात्र त्यांनी थांबत नाही. केरळात वीज मंडळाने अशीच झाडं तोडली होती, त्या कुन्हालिउम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली सांगितलं की जिल्हा न्यायाधीशांकडच्या अशा अर्जाला मुदतीचा कायदा लागू, तीन वर्षं. यांची झाडं गेल्याला दीड वर्ष झालंय. अर्ज लिहिण्यात आणि उत्तराची वाट बघण्यात आणखी दीड वर्ष सहज गेलं असतं, असे लोक माझ्याकडे आलेले आहेत आणि त्यांना हात हलवत परत पाठवावं लागलं आहे.

मग आकड्यांवर बसलो. कंपनीने आंब्याचं लाकूड धरलं होतं, फळ धरलंच नव्हतं. २००७ च्या लिविशा प्रकरणात, तेही केरळचंच, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना एकच फूटपट्टी लावायची नाही असं म्हटलं: जमीन कुठे आहे, तार किती दाबाची, ती रानाच्या मधून जाते की कडेने, खाली पुढे काय करता येईल, हे सगळं बघायचं. झाड किती वर्षं आणखी फळलं असतं हा हिशोब त्यातच येतो. जमिनीची किंमत घटते तिचं वेगळं. टॉवरच्या पायाखाली आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये जमिनीच्या दराच्या ८५ आणि १५ टक्के सुचवले होते, २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्क्यांवर नेले. राज्य स्वतःचे शासन निर्णय काढतं, तुमच्या वाहिनीला कोणता लागतो ते तिच्या तारखेवरून बघावं लागेल. झाडं त्या टक्क्यांत मोडत नाहीत, ती अलग.

“सागाच्या ओळीचा फोटो आहे?”

आहे. बहिणीच्या साखरपुड्याचा. मागे अख्खी ओळ उभी आहे, मोजता येते.

सायंकाळी ५

लाइट आली. सकाळच्या आंब्यासाठी कंपनीच्या कार्यकारी अभियंत्याला नोटीस टाइप करायला घेतली.

म्हाताऱ्यांना मी सांगितलं नाही ते हे की तहसीलदारांकडे काम अडलं तर पुढचा मुक्काम मुंबईचा आहे. विद्युत कायद्याच्या कलम ६७ प्रमाणे कंपनीने काम करताना केलेल्या नुकसानीची पुरी भरपाई द्यायची असते आणि त्यावर वाद झाला तर तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मिटवायचा. आयोग भरपाईशिवाय तेवढ्याच रकमेपर्यंत दंडही लावू शकतो. २००६ च्या परवानाधारकांच्या कामांच्या नियमांतही तसंच: मालकाने हरकत घेतली की जिल्हादंडाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आणि त्यांच्या आदेशाचं पुनरीक्षण आयोगाकडे. कलम १६४ चे अधिकार हाती असलेल्या कंपनीला ही वाट लागत नाही, म्हणून तशी अधिसूचना आहे की नाही ते नोटिशीतच विचारून ठेवते. उत्तर आलं नाही तर तेही कामाला येतं.

आयोग बसतो कफ परेडला. वेल्ह्याच्या बांधावरून कफ परेड. एका रायवळ आंब्याच्या चार फांद्यांसाठी कोण जाणार? मला वाटतं कायद्यातली सगळ्यात कच्ची जागा ही आहे. हक्क लिहिलेला आहे, दारही आहे, पण ते अशा ठिकाणी आहे की त्याच्यापर्यंत फक्त कंपन्याच पोचतात. हे काम प्रांतांकडे द्यायला हवं होतं. भोर आणि वेल्हे दोन्ही त्यांच्याच हाताखाली, मोजणी, पंचनामा, कृषी, वन सगळे त्यांच्या बोलावण्यावर येणारे.

मध्येच समोरच्या दवाखान्यातल्या बाई आल्या. त्यांना कुणीतरी ‘ग्राहक मंचात जा’ सांगितलं होतं, दारातल्या अशोकाच्या छाटणीसाठी. तो मंच बिल, मीटर, पुरवठा यांचा. आणि तुमचं झाड भोर नगरपरिषदेच्या हद्दीत, त्याला १९७५ चा शहरी झाडांचा कायदा आणि वृक्ष प्राधिकरण, म्हटलं. आधी नगरपरिषदेत चौकशी करा. त्या म्हणाल्या, “अहो, मला ते तोडूनच हवंय.” असंही असतं.

रात्री ८:३०

नोटीस तयार, एक जागा सोडून: अर्जदार कोण. पुतण्याला फोन लावला. मागे म्हाताऱ्यांचा आवाज, आणखी दोघा-तिघांचा, जोरजोरात. हडपसरचा चुलतभाऊ संध्याकाळच्या गाडीने गावी आला होता. यंदाची पाळी त्याची, म्हणून यंदाच्या कैऱ्यांचे पैसे त्याचे एकट्याचे आणि फांद्यांचे तिघांचे, असं त्याचं म्हणणं. म्हाताऱ्यांचं म्हणणं, फांदी गेली म्हणजे पुढच्या सगळ्यांच्या पाळ्या गेल्या, तेव्हा कैऱ्याही तिघांच्या.

दोघंही बरोबर बोलत होते, आणि मूल्यांकनात हे दोन आकडे तसेही वेगळे पडतात. मी सांगितलं, नावं तिघांची घालते, कैऱ्यांचं नुकसान वेगळ्या परिच्छेदात मांडते, वाटप तुम्ही पंचांसमोर लिहून ठेवा. फोन म्हाताऱ्यांकडे गेला.

“घाल तिगांची,” ते म्हणाले. “पर माजं नाव वर घाल.”

घातलं. कृषी अधिकाऱ्यांच्या दाखल्यासाठी सोमवारी पुन्हा वेल्हे, आणि उद्या सकाळी दोन भावांची कागदपत्रं घेऊन शिवाजीनगर, सुट्टीतली फाइलिंगची खिडकी किती वाजता उघडते ते आज रात्रीच कारकुनाला विचारून ठेवायला हवं.